वाढत्या मापाचं

मशीन आणली उल्हासनगरहून, भंगाराच्या भावात,
किलोवर.
दुकानदार म्हणाला, पाय ओतीव लोखंडाचे, वजन भरणारच.
हरेश म्हणाला, मग पाय ठेव तुला, वरचं तेवढं तोल.
दोघंही हसले. पायांसकट अठराशे.

कल्याणला भेंडी उतरवून रिकामा परतणारा बाळारामचा टेम्पो
सरळगावच्या पुढे, आमच्या फाट्यापर्यंत आला.
तिथून चौघांनी उचलली बांधाबांधाने,
आजारी माणसाला खाटेवरून नेतात तशी,
आणि मी मागून चालले, हातात फक्त तिचा पट्टा.

सासूबाई म्हणाल्या, खणात काय आहे ते आधी बघ.
तीन बॉबिन. कुलूप नसलेली किल्ली.
नखाएवढा उरलेला खडू.
आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद,
त्याच्या पांढऱ्या अंगावर निळ्या शाईत:
छाती चोवीस, उंची बावीस, बाही पाच.
खाली एक शब्द, उजवीकडून डावीकडे गेलेला.
सिंधी असेल, म्हणाला हरेश.
नाव असेल, म्हणाल्या सासूबाई.

पहिला महिनाभर मला सरळ शिवणच येत होती.
तेवढीच घातली.
युरियाच्या गोण्या उसवून, धुऊन, सोळा जोडल्या,
भात झोडताना खळ्यात अंथरायला.
कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर दुमडून
शेळ्यांच्या कुडाला पडदा केला.
पुढाऱ्याचं अर्धं हसू आत, अर्धं बाहेर.
काळी शेळी रोज त्याच्या हाराला पाठ घासते,
हार काही संपत नाही.

मामंजी तेव्हा मोडक्या छत्र्या सोलत होते.
काड्या कारल्याच्या वेलाला,
कापड माझ्या पुढ्यात.
याचं काय करू, विचारलं, तर म्हणाले,
मला काय माहीत, शिवणारी तू.

मग हरेशचा कंपनीतला शर्ट निघाला.
कंपनी बंद पडून तीन वर्षं झालेली,
शर्ट मात्र इस्त्री करून ठेवलेला, ट्रंकेत, अगदी तळाशी.
त्यानेच आणून दिला, काही न बोलता,
आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेला.
एका बाहीत कडव्या वालाचं बी, दुसरीत चवळीचं,
दोन्ही तोंडं सुतळीने बांधून आढ्याला, चुलीच्या धुराखाली.
पाठीचं कापड दह्याचं पाणी गाळायला.
बटणं बरणीत.
कॉलर कशातच बसेना.
ती खणात टाकली, किल्लीशेजारी.

मे महिन्यात ढेकळंसुद्धा हात भाजत होती,
म्हणून दुपारभर घरात बसून
त्या कागदाच्या मापाने फ्रॉक बेतला,
नणंदेच्या निऱ्यांपाशी विरलेल्या साडीचा.
पूर्वाला पाचवं लागलेलं. घातला, तर
खांदे कोपराकडे निघाले, घेर पायात आला.
ती आरशात बघून म्हणाली, यात अजून कुणीतरी मावेल.
सासूबाई म्हणाल्या, असू दे, वाढत्या मापाचं बरं.
खुंटीवर टांगला.

त्या खुंटीखालून आम्ही वर्षभर ये-जा केली.
पेरा, लावणी, वालाची दुसऱ्यांदा टोकणी
कारण पहिली रानडुकरांनी उकरली.
मधेच कधी पूर्वा टेप घेऊन यायची,
मोज, म्हणायची, पोट फुगवून,
आणि मी म्हणायचे, श्वास सोड आधी.

मग एका सकाळी, कुणाला न विचारता,
तो घालूनच ती करवंदाच्या जाळीत शिरली शेळीमागे.
परत आली तेव्हा खिसा लोंबत होता,
गाल ओरबाडलेला, शेळी पुढे.
मी हात उगारलाच होता
आणि दिसलं: खांदे खांद्यावर होते.

खिसा शिवायला बसले तेव्हा छत्रीचा काळा तुकडा सापडला.
लाल फ्रॉकला काळा खिसा. तिला तोच आवडतो.

काल तिने मशीनच्या लाकडावर खडूने तो शब्द उतरवला,
चित्र काढतात तसा, डावीकडून सुरुवात करून.
मी त्या कागदावर तिचं नवं माप लिहिलं,
छाती सव्वीस, पूर्वा.
पुढेमागे मशीन विकावी लागली, पुन्हा किलोवर,
तरी कागद खणातच राहू देईन.
कॉलर मात्र काढून घेईन.