आता बास

कळंब्याच्या काठाला सकाळी सातला
मी गुडघाभर पाण्यात उभा असतो,
हातात चहाची गाळणी, गळ्यात डालड्याचा डबा.
फिरायला आलेले विचारतात, मासे का हो?
गोगलगाई, म्हणतो. विद्यापीठाच्या.
मग ते दोन पावलं लांबून जातात.

मगदूम मॅडमना गोगलगाईच लागतात.
तिच्या चेतापेशी मोठ्या, धीट,
बशीत ठेवल्या की मोड येतात त्यांना,
मिसळीच्या मटकीला येतात तसे.

सतरा वर्षं त्या बशा धुतल्या मी.
परवा म्हणाल्या, बघायचंय का?
डोळा लावला.
एक पेशी, तिच्यातून निघालेला धागा,
धाग्याच्या टोकाला पंजा,
पंजाला केसाएवढी बोटं
आणि ती बोटं चाचपडत होती काच,
लाइट गेल्यावर आपण भिंत चाचपडतो तशी.
कुठं चाललीय?
तिलाच माहीत नाही, म्हणाल्या,
अजून कुणी भेटलेलं नाही तिला.

मग सिरोटोनिनचा एक थेंब.

पंजा आखडला. बोटं मिटली.
भिंतीवर सव्वाअकरा झाले होते,
साडेअकरालाही धागा तिथंच.

मला वाटायचं, ही रसायनं म्हणजे निरोप;
आधी तारा जोडायच्या, मग बोलायचं.
तसं नसतं, म्हणाल्या.
तार जोडायच्या आधीपासून बोलणं असतंच पाण्यात,
आणि कोण किती वाढणार, कुठं वळणार,
ते त्या बोलण्यावर ठरतं.

शेजारच्या बशीत दुसरी पेशी.
त्याच गोगलगाईची, त्याच गाठीतली.
तोच थेंब, तेवढाच.
ती चालतच राहिली.

मी स्टुलावर बसलो.

आमचा बाप उद्यमनगरात साचे भरायचा.
नखांत कायमची काळी वाळू.
एकोणनव्वदच्या जूनमध्ये भट्टीवरनं आला,
ताट पुढं ओढत आम्हा दोघांना म्हणाला,
आता बास. शाळा बास.
ओरडला पण नाही.
मी दहावी झालेलो, रावसो नववी.
मी अकरावी सायन्सचा फॉर्म चार घड्या करून
रेशनकार्डात ठेवला.
रावसोनं भाकरी संपवली, हात धुतला,
आणि सकाळी दप्तर घेऊन गेला शाळेला.
आता तो पुण्यात पुलांची कामं घेतो.
दिवाळीला फोनवर म्हणतो,
बाप असं म्हणाला होता?
मला कसं आठवत न्हाई?

खरंच आठवत नसेल.
त्याच्या अंगाला तो थेंब लागलाच नसेल.

मॅडम हात पुसत आणखी एक सांगतात:
गाबा म्हणून एक रसायन आहे,
मोठ्या मेंदूत ते पेशीला गप्प करतं,
कोवळ्या पेशीला मात्र तेच जागं करतं.
शब्द तोच हो, वय वेगळं.

आणि मला भलतंच आठवतं.
चार वर्षांचा असेन. सुट्टीचा सोमवार.
हाच बाप मला काखेत धरून वर उडवतो,
झेलतो, म्हणतो, आता बास,
आणि तो बास ऐकून मी आणखी खिदळतो,
आणखी वर मागतो,
पत्र्यापर्यंत, पत्र्याच्या पलीकडं.

थेंब धुऊन काढला तर? मी विचारलं.
निघते कधी कधी पुन्हा.
किती वेळानं?
ते पेशीलाच विचारायला पाहिजे,
म्हणत त्यांनी पर्स उचलली,
बस चुकायला नको म्हणून गेल्या.

थांबलेल्या पेशीची बशी धुवायला ठेवली होती.
धुतली नाही.
जुनं पाणी पिपेटनं हळू ओढलं, नवं घातलं,
पुन्हा ओढलं, पुन्हा घातलं,
त्यांना बघत बघत शिकलो होतो तसं.
बायकोला फोन केला, उशीर होईल.
कशानं? म्हणाली.
बाहेर मोर ओरडत होता, तेवढंच तिला ऐकू गेलं असेल.

स्टूल पुढं ओढलं.
सव्वासहा.
टोक तिथंच.
डोळ्यात पाणी आलं, एकाच डोळ्यानं बघून बघून येतं तसं.
दुसरा डोळा लावला.