तुळ्या ऊर्फ तुळशीराम

खिडकीवरची बाई वाईट नव्हती.
तिनं माझा अर्ज दोनदा वाचला,
पेन्सिलीनं एक गोल काढला
आणि गोलावर नख टेकवून म्हणाली,
'बेटा, सन पचास से पहले का सबूत.'

पन्नासच्या आधी आम्ही इंदूरात होतो
हे कागदानं सांगायला हवं.
माझे ब्याऐंशी टक्के तोवर
बोलून दमले होते.

पाटणीपुऱ्यातल्या खोलीत कागदांची एकच पेटी,
बिस्किटांची.
तिच्यात लाइटबिलं, गहाणाच्या चिठ्ठ्या,
गॅसचं निळं पुस्तक, लग्नपत्रिकेपेक्षा जपलेलं.
पणजोबा नव्हते.

ते निघाले युनियनच्या लोखंडी कपाटातून.
भागचंदकाकांनी वाळवीवर फुंकर मारली,
हजेरीचं पुस्तक, बॉयलर खातं, सेहेचाळीस साल,
एकशे चौदावी ओळ:
तुळ्या. जात महार. राहणार खानदेश. रोज बारा आणे.

बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं
आणि ते बोट उचलेनात.
दिवसभर मिक्सरच्या मोटारी गुंडाळणारं बोट,
टोकाला तांब्याच्या तारेचा चिरा.
मी मोबाइल धरून म्हटलं,
बाबा, सावली पडतेय.

मोती तबेल्यातला बाबू चष्मा कपाळावर चढवून:
शाळेच्या दाखल्यात आजोबांचा बाप तुळशीराम,
इथं तुळ्या.
'ये तो दो आदमी हुए.'

मग कोर्टाबाहेरचं कडुलिंबाचं झाड,
झाडाखाली टेबल, टेबलावर वीट, विटेखाली स्टॅम्पपेपर.
मी, वामन सपकाळे, शपथेवर लिहून देतो की
तुळ्या आणि तुळशीराम
हा एकच मनुष्य आहे.
टायपिस्टनं आधी 'तुलिया' केलं.
खोडलं. पुन्हा ठोकलं.
बाबांनी सही करताना विचारलं,
'एकच मनुष्य' च्या खाली रेघ मारता येईल का?
नोटरी म्हणाला, उसका अलग चार्ज नहीं है, मार लो.

शिष्यवृत्ती आली ती तिसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी,
रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी,
मेसेजच्या एका टुंग आवाजात.
तोवर आईनं बीसी उचलून फी भरली होती,
हॉस्टेल सोडून मी घरूनच येत होते,
दोन सिटी बस, मध्ये चालणं.
पैसे तीन दिवस खात्यात राहिले,
मग ज्यांचे होते त्यांच्याकडे गेले.
उरले नऊशे.
त्यातून मी कॅल्क्युलेटर घेतला, आणि बाबांनी
शपथपत्राला प्लास्टिकचं कवच करून आणलं.
ते आता रेशनकार्डाशेजारी, खिळ्याला.

भुसावळच्या आत्याआजीला फोनवर विचारलं,
घरात त्यांना काय म्हणायचे गं?
ती बराच वेळ गप्प. पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या.
'आई तर नावच नव्हती घेत.
ऐकलं का, एवढंच म्हणायची.
अन् ते ऐकायचे नाहीत,
बॉयलरनं कान गेले होते.'

हे तिसरं नाव
मी कुठल्याच रकान्यात भरलं नाही.

परवा खंडवा रोडला, सांख्यिकीच्या लॅबमध्ये
सर डेटा साफ करायला शिकवत होते.
एकच माणूस दोन नावांनी दोनदा आला असेल,
तर एक नोंद पुसायची, म्हणाले,
नाहीतर बेरीज चुकते.
पंख्याखाली सगळ्यांची बोटं चालू लागली.
माझा हात वर होता.
'हां, आम्रपाली, पूछो.'

कोणती पुसायची, सर,
आणि ते कोण ठरवतं,
असं विचारायचं होतं.
मी विचारलं,
सर, दोन्ही ठेवून
मध्ये 'ऊर्फ' लिहिलं तर चालेल?