एकशे अडतीस

तांडापेठेत मला सगळे ओळखतात :
मागवाल्या परात्याचा तो पोट्टा,
कानाला डबडं लावून
डोळे मिटून बसतो, तो.

डोळे मिटतो, तिथेच बिघडतं सगळं.
उघड्या डोळ्यांनी रात्रभर डीजेच्या गाडीमागे नाचा,
मांडणीवरची भांडी खाली येऊ द्या,
कोणी काही म्हणत नाही.
मिटले की शकूकाकू दारातूनच आईला विचारते,
"काही घेतो का वं तो?"

घेतो.
सकाळी तर्री-पोहे,
रात्री आम्लपित्ताची एक गोळी.

उमरेडच्या हेडाऊंनी कप अर्ध्यावर ठेवला.
"नोकरी हिंगण्याले, ते समजलं. बाकी वेळात?"
संगीत, मी म्हणालो.
"वा! तबला का पेटी?"
मी तोंड उघडायच्या आत
आईने चिवड्याची बशी पुढे सरकवली.
आठवड्याने मधल्या माणसाकडून निरोप :
मुलगा चांगला आहे, पण गोव्यातला वाटतो.
मी गोवा पाहिलेलं नाही.
समुद्र पाहिला एकदाच, कंपनीच्या सहलीत,
तोही ओहोटीचा.

ज्यांना गाण्यातलं कळतं ते तर आणखी वाईट.
धरमपेठेतला मलय गिटार पुसत म्हणतो,
"अबे, अजून ट्रान्स? ते तर मेलं ना!"
मी मयताच्या घरी बसल्यासारखा बसतो,
चप्पल कुठे काढली ते आठवत.

आणि पोळ्याच्या पाडव्याला,
पिवळी मारबत कोपऱ्यावरून वळली तेव्हा
"खोकला-खासी घेऊन जा गे मारबत"च्या मागोमाग
माझाच चुलतभाऊ ओरडला,
"याचं ढिंच्याक घेऊन जा गे मारबत!"
गल्ली हसली. मीही हसलो.
ती बिचारी सगळ्यांचं नेते जाळायला,
माझं मात्र नेलं नाही.

म्हणून मी ट्रॅकवर माझं नाव लावत नाही.
एरिक सॉल्वे लावतो.
गोरा, उंच, घरासमोर पाइनची झाडं, असा कोणीतरी.
पोलंडचा एक माणूस एरिकला लिहितो :
तुझ्या संगीतात बर्फ वितळताना ऐकू येतो.
तो आमचा कूलर आहे, दादा.
मे महिन्यातला, सेहेचाळीस अंशांतला,
पंप खरखरतो, वाळ्याच्या ताटीवरून पाणी ठिबकतं,
मी खाली मोबाईल धरून उभा होतो
घामाने निथळत.

बाबांचे कान यंत्रमागाने खाल्ले, त्याला झाली तीस वर्षं.
त्या रात्री ते कूलरमध्ये पाणी टाकायला उठले
आणि जाता जाता टेबलावर हात टेकला,
आधार म्हणून.
हात उचललाच नाही.
बादली दुसऱ्या हातात तशीच.
"चौथा मागं राहते," म्हणाले.
काय?
"धोटा. चौथ्या खेपेले उशिरा पोचते तुहा."

महिनाभर शोधत होतो मी तीच चूक.
अकरा मिलिसेकंद.
पुढे ओढलं, पुन्हा लावलं.
त्यांनी तळवा पसरला,
कापडाचा पोत पाहतात तसा.
"हं. बसला आता.
मिनिटाले किती?"
मी बोटांनी दाखवलं, एकशे अडतीस.
"आमचा एकशे चाळीसवर चाले,"
आणि कितीतरी वेळाने,
"धागा लय तुटे मंग."

मला वाटलं आता काहीतरी म्हणतील.
म्हणालेही. दारापाशी पोचून, वळून, प्रामाणिकपणे :
"पण याच्यातून कापड कुठं निघते?"

मला उत्तर देता आलं नाही.
अजून शोधतो आहे.

काल पानठेल्यावर कोणीतरी त्यांना विचारलं,
पोट्टा काय करते सध्या?
"कम्प्युटरचं आहे काही," ते म्हणाले,
आणि दुसरीकडे पाहिलं.
मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो.
त्यांचा हात मांडीवर होता,
चार बोटं चालू,
चौथं अगदी वेळेवर.