पेशंटचं काम

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोटं दुकान आहे.
फळ्या खऱ्या, काउंटर खरा,
खोकी रिकामी.
बावीस वर्षं मी त्या काउंटरच्या अलीकडे उभा राहतो.

हुद्दा प्रयोगशाळा परिचर.
बीकर धुणं, खलबत्ते पुसून उपडे घालणं
आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी आजारी पडणं.
बेहेरे मॅडम चिठ्ठी देतात:
आज दमा. आज मधुमेह. आज ऐकू कमी येतं.
शर्टाचं वरचं बटण मात्र मी माझ्या मनानं काढतो.

पोरं येतात, कुणी भोरचं, कुणी दौंडचं,
पांढऱ्या कोटावर घडीच्या रेघा अजून तशाच.
"काका ही गोळी दिवसातून दोनदा जेवणानंतर"
एका दमात, जशी मागे पीएमटी सुटत्येय.
मी विचारतो, विचारायचंच असतं,
"जेवण एकदाच होतं माझं. मग?"
तिथं गाडी अडते.
कुणी छताकडे बघतं, कुणी मॅडमकडे,
माझ्याकडे क्वचित.

दुसरा प्रश्न माझा आवडता:
"रोज घेतली तर लवकर बरं वाटेल का?"
पोरं हसतात.
हसलं की मॅडम एक मार्क कापतात.

नाझनीन अत्तार हसली नव्हती.
"नाही" एवढंच म्हणाली आणि पुढचं विसरली.
दहात चार.
नंतर मोरीपाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.
मामा, सगळं पाठ होतं हो.
मी म्हटलं, पाठच होतं, पोरी.

यंदा दिवाळीनंतर सकाळी बोटं मिटेनात.
तीन बीकर फुटले.
पैसे कुणी मागितले नाहीत, ते जास्त लागलं.
डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ती दांडेकर पुलापाशी
एका दुकानात सरकवली,
तर पलीकडून, "मामा?"

ट्रेनिंगचे पाचशे तास चाललेत तिचे.
कोटाच्या खिशाला शाईचा डाग.
चिठ्ठी वाचली. उजेडात धरून पुन्हा वाचली.
मालक म्हणाले, दे की, मागे लाइन आहे.
"एक मिनिट, सर,"
आणि तिनं डॉक्टरांना फोन लावला,
एक अक्षर लागत नव्हतं, तेवढ्यासाठी.

मग दोन पट्ट्या. दोन्हीतल्या गोळ्या पिवळ्या.
"मामा, ही रोजची नाही. आठवड्यातून एकदाच."
सवयीनं तोंडातून गेलं,
"रोज घेतली तर लवकर..."
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी नाटक करतोय का, ते बघत असावी.
मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

"रोज घेतली तर जिवावर बेतेल."
आवाज चढवला नाही.
"तुमच्याकडे पाणी कधी बंद असतं?"
गुरुवारी.
"मग नळ कोरडा, तो दिवस या गोळीचा.
तांब्या बुधवारीच भरून ठेवा.
ही दुसरी शनिवारी.
ताप आला, तोंड आलं, तर वाट बघायची नाही,
तडक डॉक्टरांकडे."
आणि पट्टीच्या पाठीवर पेनानं ठळक: गुरु.

मागच्या बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
मी वळलो.
"थांबा मामा. आता तुम्ही मला सांगा,
मी काय सांगितलं ते."

मॅडमच्या कागदावर ही ओळ सगळ्यात खाली असते.
बावीस वर्षांत तिथवर फार थोडे पोचले,
आणि जे पोचले, त्यांना मी नुसती मान डोलवली.
याचं उत्तर मला कुणी लिहून दिलेलं नाही.

चाचपडलो. गुरुवार म्हणालो. तांब्या म्हणालो.
शनिवार विसरलो.
तिनं पुन्हा सांगितलं.
मी पुन्हा म्हटलं, या वेळी सगळं.
लाइन थांबली होती.

पुलावर आल्यावर वारा लागला,
तेव्हा लक्षात आलं,
वरचं बटण उघडंच आहे.
आज मी ते काढलं नव्हतं.
सकाळी लागलंच नव्हतं.