वीतभर आखूड

आइताची फोर-व्हील पडून आहे कोठारामागं,
पुढचा आस मोडलेला, चौकट पिळवटलेली.
ज्या जुनिपरवर ती आदळली तो अजून उभा आहे,
सालीवर निळ्या रंगाचा एक ओरखडा घेऊन.
गिअरबॉक्स मात्र ठणठणीत.

इदोयाच्या टू-व्हीलचा तिसरा गिअर
महिनाभर किंचाळत होता
आणि मंगळवारी, बर्न्सच्या दवाखान्यातली रात्रपाळी संपवून येताना,
एकदाचा गप्प झाला.
शेवटचे चार मैल ती चालत आली. सेजब्रशवर दहिवर होतं.
"एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या," दारातूनच म्हणाली.
"आइताचा काढ, माझ्यात घाल. त्यात काय एवढं?"

त्यात काय, ते सांगतो.
इंजिनाकडचं तोंड सारखं असतं.
बोल्टला बोल्ट, भोकाला भोक, डोळे मिटून बसवावं.
फरक सगळा शेपटीत.
टू-व्हीलचा दांडा लांब, थेट मागच्या चाकांकडे निघालेला.
फोर-व्हीलचा वीतभर आखूड,
कारण त्याला मध्ये थांबून
ट्रान्सफर केसला विचारावं लागतं:
आज दोघं, की चौघं?

मी म्हणालो, दोन्ही खोलू.
त्याचे दात, तुझा दांडा, तुझी शेपटी.
काम आठवड्याचं, पण गाडी गाडीसारखी राहील.
ती म्हणाली, नाही.
जसा आहे तसा घाल. केससकट. त्याच्या त्या बुटक्या लिव्हरसकट.
"अगं, पुढच्या चाकांना जोडायला तुझ्याकडे काही नाहीच!"
"नसू दे."

लहानपणापासून हिच्याशी वाद घालतोय,
जिंकल्याचं एकदाही आठवत नाही.

मग मी गाडीखाली, पाठीवर,
ती जॅकच्या दांड्यावर.
बोल्ट आईच्या केकच्या साच्यात, खळग्याखळग्यातून.
तेल कोपरातून बाहीत, बाहीतून काखेत.
सत्तर-ऐंशी किलोचं ते धूड
छातीच्या वर तोलताना
आइताचा शब्द तोंडात आला: लसाई, लसाई.
मेंढी अडली की तो असंच म्हणायचा,
हात आत घालून, घाई न करता.

मागचा प्रॉपेलर शाफ्ट आता लांब पडत होता.
ऑर्व्हल टकनेसनं तो कापला, पुन्हा सांधला,
लेथवर फिरवून पाहिला आणि पैसे घेताना विचारलं,
"हे नक्की काय बनवताय?"
मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या लिव्हरसाठी केबिनच्या पत्र्याला भोक हवं होतं.
ते तिनंच पाडलं.
वाकडं पडलं.
आइताच्या जुन्या बुटाचं कातडं कापून
त्याभोवती बसवलं, धूळ येऊ नये म्हणून.
धूळ येतेच.

स्पीडोमीटर खोटं बोलतो.
पन्नासला साठ दाखवतो. आम्ही मनातल्या मनात वजा करतो.
आणि केसचं पुढचं तोंड
फिरतं नुसतं, हवेत, कुणालाच काही न देता.
मी त्यावर एक डबा बसवला आहे, सार्डिनचा.

मार्चमध्ये ती फाटकापाशी चिखलात रुतली.
लिव्हर पुढे ढकलला तिनं, सवयीनं,
तिच्या नव्हे, त्याच्या.
पुढची चाकं उभी राहून बघत होती,
लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांसारखी.
ट्रॅक्टरनं ओढून काढताना मी एक शब्द बोललो नाही.
तीही नाही.

पण लो लागतो.
एवढं मी धरलंच नव्हतं, की पुढं काही नसलं
तरी मागच्या दोन चाकांना तो लो मिळेल.
परवा मेंढ्या वरच्या कुरणात न्यायच्या होत्या.
तिनं तो खाली ओढला, पहिला घातला,
क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरवरून पायही काढला.
गाडी आपली आपण चालू लागली,
माणसाच्या चालीनं,
त्यातही गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या.

मी पलीकडच्या अंगानं कुत्र्याबरोबर चालत होतो.
शेवटची मेंढी थबकली, वळली,
त्या आवाजाकडे कान करून उभी राहिली थोडा वेळ,
मग चरायला लागली.
स्पीडोमीटरचा काटा, इदोया नंतर म्हणाली,
शून्यावरून हललाच नाही.