उळुकु

वडगावात, आमच्याच बोळात,
नळाजवळच्या खड्ड्यात पाय गेला, आत वळला.
घागर वाचली. हातातच राहिली, काठोकाठ.
आवाज मात्र आला, बारीक,
भिजल्या धाग्याचा येतो तसा.

शेजारची बाळव्वा म्हणाली, उळुकु.
सासूबाई म्हणाल्या, मुरगळला.
दोघींचं ठरेपर्यंत घोटा फुगून बसला
चिंचेच्या गोळ्यासारखा.

बाळव्वा तेल कोमट करायला उठली.
कडोलीच्या वैद्याला बोलवूया, ओढला की बसतो,
असंही ठरलं, मला न विचारता.
खरं भाग्यरेखा, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची माझी पोर,
दारात आडवी झाली:
तेल नको, शेक नको, ओढणं तर नकोच.
आत रक्त झिरपायलंय.
ऊठ आई, चार पावलं टाक.

टाकली. चौथं रडत, खरं टाकलं.
मग घोट्याच्या हाडामागनं अंगठा दाबत गेली,
हाडावर दुखतंय का खळग्यात, नीट सांग.
खळग्यात.
हाडावर म्हटली असतीस
तर आत्ता रिक्षात असतीस, एक्सरेला.

कल्लाप्पाच्या दुकानातल्या दहा पेप्सीकांड्या,
लाल, नारिंगी, पंचात गुंडाळून वीस मिनिटं.
बोटांकडून वर पट्टी, नखं निळी पडली तर सैल.
पाय दोन उशांवर, छातीहून उंच,
थेट सासूबाईंच्या तोंडासमोर.
त्या कूस बदलून निजल्या, बोलल्या काही नाहीत.

खड्डामाग मुका. हिरव्या काठाची साडी अर्ध्यावर.
हाडाला हाड बांधणारा दोर असतो, भाग्या म्हणाली,
तो ताणलाय, थोडा उसवलाय.
मला लगेच कळलं.
खरं ताणा तुटला तर मी गाठ मारते,
इथं गाठ नाही चालत.
त्याचं तो विणणार, आपण फक्त
मध्येच पावडी मारायची नाही.

पाचव्या दिवशी म्हणाली, आता नुसतं पडून राहू नकोस,
अंगठ्यानं हवेत अक्षरं काढ.
मी अ काढला, दुखला.
क्ष पाशी दात आवळले.
बाळव्वा बघत होती.
कन्नडातली काढ गं, म्हणाली, गोल असतात.
काढली. तिनं बोट धरून शिकवलेली,
एकेक.

आता रोज दात घासताना मी एका पायावर.
एकदा उसवलेलं परत तिथंच उसवतं,
घोट्याला तोल शिकवावा लागतो म्हणे,
पोराला शिकवतात तसा.

परवा बाळव्वानं खड्ड्यात विटकर नि राख भरली.
दोघी वर उभ्या राहून बघितलं,
एकेका पायानं,
भिंतीला हात न लावता.