चढावर उतरायचं

इस्राईल मिस्त्रीने पहिल्याच दिवशी बजावलं,
"ताई, दिल बदललं वगैरे लिहू नका कुठे.
इंजिन आहे. बोल्टवर बसते,
तेल पिते, धूर सोडते. बस."
मी लिहिते हे त्याला सांगितलं कुणी?

मोमिनपुऱ्याच्या त्या गल्लीत मे महिन्यात
पान्हा आधी बादलीत बुडवावा लागतो,
मग हातात धरता येतो.
हेराल्डचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नाही,
अख्खं तोंडच पुढे लवतं,
चाकं, स्प्रिंगा, सगळं उघडं,
दातांच्या डॉक्टरपुढे बसलेल्या माणसासारखं,
लाज कुठे ठेवावी कळत नाही.

जुनं नऊशे अठ्ठेचाळीस सीसी.
भाऊंनी ही गाडी धंतोलीच्या एका डॉक्टरकडून घेतली
तेव्हाच ती दमलेली होती.
तिच्या इंजिन नंबरचे शेवटचे तीन आकडे,
चार शून्य सात,
आमच्या घरात सगळ्या कुलपांना लागत.
सुटकेसला, सायकलच्या साखळीला,
भाऊ गेल्यावर एक डबी सापडली, तिलाही.
आत काही नव्हतं. दोन वॉशर होते.

नवं तेराशेचं,
कामठीच्या लिलावातल्या जिप्सीचं,
टॅपेट कव्हरच्या कडेला लष्करी हिरवा रंग
अजून नखाने खरवडावा इतका.
मला वाटलं मोठं म्हणजे जड.
गोलूने एका बाजूने उचललं, मिस्त्रीने दुसऱ्या,
आणि विडी तोंडातून न काढता म्हणाला,
"ॲल्युमिनियम आहे. तुमचं जुनं लोखंड होतं."
बसवल्यावर गाडीचं नाक दोन बोटं वर आलं.
इतकी वर्षं ती मान खाली घालून का चालायची,
तर वजन होतं.

गिअरबॉक्ससाठी मधला पत्रा कापला,
प्रोपेलर शाफ्ट तोडून जोडला,
रेडिएटर तीन वेळा बदलला.
आठ दिवस तर मी नुसते ब्रेक बघत बसले.
"आधी थांबता आलं पाहिजे," तो म्हणायचा,
"पळवणं तर कोणालेही येते."

आरटीओतल्या बाईंनी विचारलं,
"जुनं इंजिन कुठी आहे मग?"
अंगणात आहे, मी म्हटलं, टायरवर.
आईने त्याच्यावर जुनं लुगडं टाकलंय,
धूळ बसू नये म्हणून.
त्यांनी नवा नंबर लिहून घेतला.
आठ आकडे. मला अजून पाठ नाहीत.

मग रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत,
आईला पुढे बसवून फुटाळ्याकडून
सेमिनरी हिल्सच्या चढाला लागले.
इथेच भाऊ गाडी बाजूला घ्यायचे,
"चला, उतरा सगळे, तिचा जीव घेता काय?"
आणि आम्ही चार पोरं, आई, कधी मावशी,
ओळीने चालत वर जायचो,
पुढे रिकामी हेराल्ड कण्हत, डुगडुगत,
भाऊ खिडकीबाहेर हात काढून
आम्हालाच मार्ग देत असल्यासारखे.

आज तिसऱ्या गिअरमध्ये
तिने चढाची दखलही घेतली नाही.
मी आईकडे बघितलं, काही म्हणेल म्हणून.
तिचा हात दाराच्या कडीवर होता.

"थांबव नं. उतरतो मी."
अगं, गरज नाही आता, मोठं इंजिन आहे,
सहा जणांना घेऊन जाईल वर.
"जाऊ दे ना मग तिले. मी चालतो."

एकोणऐंशी वर्षांची बाई
पदर खोचून चढाला लागली.
आणि तिच्यामागे मी,
पहिल्या गिअरमध्ये,
तेराशे सीसी तिच्या चपलांच्या वेगाने,
पंखा फिरायला लागला,
तापमानाचा काटा हळूहळू वर,
मागून एक टँकर हॉर्न देतोय,
मी खिडकीबाहेर हात काढला
आणि त्याला म्हटलं, जा बाबा, तू पुढे जा.